सोयीच्या जागी खणलेला खड्डा

आयर्लंडमध्ये हिमस्खलनात सापडलेली मराठी बाई, अशी आमच्या ओळखीच्या मंडळींत माझी ख्याती आहे. ती पुसायचा प्रयत्न मी आता सोडून दिला आहे. खरं तर 'सापडलेली' हा शब्दही जरा मोठाच. मी फक्त छातीपर्यंत पुरली गेले होते, आणि तेही वीसेक मिनिटं. पण गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी कोणाला तरी हळूच सांगतं, "ती बघ, ती," आणि समोरची व्यक्ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी भर पावसात गच्चीवर पापड वाळत घातले होते.

मी डब्लिनजवळ, किल्डेअर परगण्यातल्या मेनूथ गावी राहते. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात माझं काम धोके मोजण्याचं आहे. एखादी नळी, झडप किंवा झाकण घ्यायचं आणि ते कुठे कुठे बिघडू शकेल याची यादी करायची. बिघडलं तर किती वाईट, बिघडायची शक्यता किती, आणि बिघडलेलं वेळेत लक्षात येईल का, या तीन प्रश्नांना गुण द्यायचे. सतरा वर्षं मी हेच करते आहे. नव्या लोकांना शिकवतेसुद्धा. "आधी आकडे द्या, मग निर्णय घ्या. निर्णय आधी घेऊन त्याला आकडे चिकटवू नका," हे वाक्य मी दर वेळी म्हणते, आणि म्हणताना चष्मा काढते.

स्कीइंगचा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला. पुण्यात वाढलेल्या मुलीला बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायची गोष्ट. पण डब्लिनच्या बाहेर प्लॅस्टिकच्या ब्रशांनी मढवलेला एक उतार आहे, तिथे मुलीला शिकवायला नेलं. तिला दोन शनिवारांत कंटाळा आला. मी मात्र तिथून हलेना. मग दर हिवाळ्यात आठवडाभर आल्प्समध्ये जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी तिथे दोन दिवसांचा एक वर्ग केला: आखलेल्या वाटा सोडून डोंगरात ताज्या बर्फावर स्की करायची तर तो बर्फ खाली येईल की नाही, हे कसं ओळखायचं.

त्या दोन दिवसांनी माझं डोकं फिरवलं. डोंगर उतरतानाही गुण देता येतात हे कळल्यावर मी थांबणार कशी? परतताना मी गळ्यात बांधायचं, एकमेकांचा ठाव लावणारं शोधयंत्र, बर्फात खुपसायची घडीची काठी आणि फावडं, असं सगळं दोन दोन घेऊन आले. दोन अशासाठी, की पुरल्या गेलेल्या माणसाला स्वतःला शोधून काढता येत नाही. सोबत्याकडेही सामान हवं.

नवऱ्यानं ते दिवाणखान्यात मांडलेलं बघितलं. "अगं, हे आयर्लंड आहे," तो म्हणाला. "इथे फार तर मेंढ्या अंगावर येतील."

"वाऱ्यानं साठलेला बर्फ कुठेही घसरू शकतो."

"मॅम, वुई लिव्ह इन किल्डेअर," सोफ्यावरून बारा वर्षांची मुलगी तिच्या आयरिश हेलात म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. किल्डेअर परातीसारखं सपाट आहे. आमच्या भागातला सर्वांत मोठा चढ सुपरमार्केटच्या पार्किंगचा आहे.

मी कोणाचं ऐकलं नाही. रविवारी मागच्या अंगणात कुंड्यांखाली एक यंत्र पुरून ठेवायचे आणि घरच्यांना दुसऱ्या यंत्रानं ते शोधायला लावायचे. तेव्हा सासरे आमच्याकडे सहा महिने राहायला आले होते. ते साताऱ्याकडचे; बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून घाटातल्या रस्त्यांवर आयुष्य काढलेले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. एका रविवारी आबांनी हातात यंत्र न घेता थेट तिसऱ्या कुंडीकडे बोट दाखवलं.

"कसं ओळखलंत आबा?"

"किचनच्या खिडकीतनं बघत हुतो तुला पुरताना."

ऑफिसातही मी जेवणाच्या सुट्टीत या विषयावर चाळीस स्लाइडचं भाषण दिलं. एकेक करून सगळे उठून गेले. शेवटपर्यंत एकच जण बसून राहिला: देखभाल विभागातला, केरी परगण्यातल्या ट्रली गावचा तंत्रज्ञ, पंचावन्नच्या आसपासचा, मोजकं बोलणारा. मला वाटलं, याला गोडी आहे. त्याचं मशीन बंद होतं आणि सुटा भाग यायचा होता म्हणून तो बसला होता, हे पुष्कळ दिवसांनी कळलं. पण त्यानं तरुणपणी कॅनडात सहा हिवाळे स्कीच्या पाळण्यांची दुरुस्ती केली होती आणि त्याला स्की करता येत होती, ही गोष्ट खरी. मला सोबती मिळाला. माझं जास्तीचं सामान मी त्याच्या कपाटात नेऊन ठेवलं.

आणि मग त्या मार्चमध्ये खरंच बर्फ पडला. पूर्वेकडून दोन दिवस वारा आणि बर्फ. शाळा बंद, बस बंद, दुकानातला ब्रेड गायब. आयरिश माणसाला बर्फ दिसला की आधी ब्रेड आठवतो. रविवारी सकाळी आभाळ निळंशार झालं. रस्ते उघडल्याचं ऐकून आम्ही विकलोच्या डोंगरात जायचं ठरवलं. मी दारात बूट चढवत होते, तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले.

"वारं कुठलं हुतं गं दोन दिवस?"

"पूर्वेचं, आबा," मी म्हटलं आणि टोपी शोधायला धावले. प्रश्न का विचारला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

विकलोत रस्ता जिथे संपत होता तिथे गाडी लावली. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की चढता येतं. तसे आम्ही दीड तास चढलो. आयुष्यात पहिल्यांदा मला आयर्लंडमध्ये धुकं, पाऊस आणि इथले लोक जिला कौतुकानं 'ग्रँड सॉफ्ट डे' म्हणतात ती रिपरिप, यांच्यावाचूनचं काही दिसत होतं. कुंपणाच्या तारांवर बर्फाच्या पताका लटकल्या होत्या. दूर समुद्राची पट्टी चमकत होती.

डोंगराच्या माथ्यावर आणि पूर्वेच्या अंगाला वाऱ्यानं बर्फ झाडून नेला होता; हेदरची करडी झुडपं जागोजाग वर आली होती. पण माथ्यापलीकडे, पश्चिमेला तोंड करून असलेला एक उतार मात्र इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत आणि पांढराशुभ्र होता. एकही झुडूप नाही, एकही दगड नाही. खाली तळाशी ओढ्याची अरुंद घळ. एवढा सुंदर उतार या देशात असू शकतो, यावर माझा विश्वास बसेना. इकडचा सगळा बर्फ वाऱ्यानं नेऊन तिकडे टाकला होता, म्हणून तो गुळगुळीत होता. हे ज्ञान माझ्या स्लाइड क्रमांक सातमध्ये चित्रासह होतं. पण तिथे उभं राहून मला वाटलं, डोंगरानं हे माझ्यासाठी राखून ठेवलंय.

"आधी चाचणी," मी जाहीर केलं.

चाचणी अशी असते: बर्फात कमरेएवढा खड्डा खणायचा, कडेला बर्फाचा एक खांब कापून मोकळा करायचा, आणि त्याच्या डोक्यावर फावडं ठेवून थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. किती थापांना खांबातला एखादा थर सुटून सरकतो ते बघायचं. लवकर सरकला, तर घरी जायचं. खड्डा अर्थातच ज्या उतारावरून जायचं, त्याच्यासारख्याच उतारावर खणायचा.

मी तो माथ्याजवळच्या खांद्यावर खणला. तिथे ऊन होतं. बसायला एक दगड होता. थर्मास ठेवायला सपाट जागा होती. उतार इतका सौम्य, की तिथे बर्फाला घसरायची इच्छा झाली असती तरी त्याला ढकलावं लागलं असतं. सव्वीस थापांना काही झालं नाही; उरलेल्या चार मी मारल्याच नाहीत. मी वहीत 'पास' लिहिलं.

मग त्या सुंदर उताराच्या वरच्या काठावर काठी टेकवून कोनमापकानं कोन मोजला. छत्तीस अंश आला. पस्तिसाच्या वर मी 'जास्त धोका' असा गुण ठरवला होता. मी काठी दोन पावलं बाजूला ठेवून पुन्हा मोजला. तेहतीस आला. वहीत तेहतीस लिहिलं. सतरा वर्षं ज्या गोष्टीवरून मी इंजिनिअरांना झापत आले, ती मी चहाचा घोट घेत, विनातक्रार केली.

ट्रलीवाला सँडविच खात हे बघत होता. आम्ही काठाकाठानं उतरायच्या जागेकडे निघालो, तेव्हा पायांखाली एकदम 'धप्प' असा आवाज झाला आणि सगळी जमीन बोटभर खाली बसल्यासारखं वाटलं. तो थांबला.

"ऐकलंस?"

"खाली हेदर आहे," मी म्हणाले. "झुडपं दबली."

तो आवाज म्हणजे खालचा कमकुवत थर मोडल्याची खूण. तो आला की मागे वळायचं, हे मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दोनदा सांगितलं होतं. त्याला एकट्यालाच, कारण बाकीचे तोवर गेले होते.

त्यानं उताराकडे बघितलं, वर कडेकडे बघितलं. "आय वुडन्ट बी मॅड अबाउट इट," तो म्हणाला.

म्हणजे, मला हे काही फारसं आवडलेलं नाही. या देशात इतकी वर्षं राहून मला एवढं कळायला हवं होतं, की केरीच्या माणसानं हे म्हणणं म्हणजे दुसऱ्या कोणी छाती बडवून ओरडणं.

"आपण त्या पलीकडच्या सौम्य बाजूनं जाऊ या का?" त्यानं विचारलं.

"पण मी टेस्ट केली आहे."

"केलीस खरी." तो म्हणाला, "यातली जाणकार तू."

ही माझी स्तुती आहे असं मला वाटलं.

एक नियम मात्र मी पाळला: एका वेळी एकानंच जायचं. तो एका खडकाच्या आडोशाला थांबला. मी निघाले. पहिलं वळण इतकं झकास जमलं, की मी आनंदानं मोठ्यांदा काहीतरी ओरडले. दुसरं जमलं. तिसऱ्या वळणाला माझ्या वर, बर्फात एक रेघ उमटली. कात्रीनं कापड कापावं तशी ती सर्रकन आडवी धावत गेली आणि सगळा उतार फरशीसारखा फुटला. पायाखालची एक फरशी माझ्यासकट निघाली.

मी पोहायचा प्रयत्न केला. वर्गात तसं सांगितलं होतं. मला पोहता येत नाही. एक स्की कुठेतरी ओढली गेली, गुडघ्यात काहीतरी पिळलं, नाकातोंडात बर्फ गेला, आकाश दोनदा येऊन गेलं. मग सगळं थांबलं. मी ओढ्याच्या घळीत उभ्यानंच छातीपर्यंत गाडली गेले होते. डावा हात मोकळा, उजवा आत. हलताना मऊ वाटणारा तो बर्फ थांबल्याबरोबर सिमेंटसारखा आवळून बसला. श्वास सोडता येत होता, पण घेताना छातीला जागा नव्हती.

अशा वेळी माणसाला लेकरं आठवतात, देव आठवतो म्हणतात. मला आधी आठवलं की वहीतला तेहतीसचा आकडा आता खोडावा लागणार.

"आहेस का?" वरून तो ओरडला.

"आय ॲम ग्रँड!" म्हणजे, अगदी ठीक आहे, असं मी ओरडले. तोंडातून आधी बर्फ पडला, मग शब्द.

तो लगेच खाली आला नाही. उभा राहून वर बघत राहिला आणि मग खडकांच्या रांगेनं, लांबचा वळसा घालून उतरू लागला. मला त्याचा भयंकर राग आला. मी इथे पुरलेय आणि हा फिरायला निघाल्यासारखा चाललाय! मग मीही वर बघितलं. अर्धा उतार अजून तिथेच लटकत होता. तो सरळ माझ्याकडे आला असता, तर उरलेला आमच्या दोघांच्या डोक्यावर आला असता. त्यानं दोनदा मान वर करून जे मोजलं, ते मला सगळ्या सामग्रीनिशी मोजता आलं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तो पोहोचला आणि माझ्याच दुसऱ्या फावड्यानं उताराच्या खालच्या बाजूनं खणू लागला.

"बोलत राहा," तो म्हणाला.

"वाऱ्यानं साठलेल्या थराखाली जर कमकुवत थर असेल आणि कोन पस्तीसच्या वर..."

"दुसरं काहीतरी बोल."

मग मी म्हटलं, उद्या शाळा उघडणार आहे, आणि डब्याला काय द्यायचं ते मी ठरवलेलं नाही. एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. तो न थांबता खणत राहिला. "सँडविच दे," तो म्हणाला. "फक्त ब्रेड मिळायला पाहिजे."

सुटल्यावर उभं राहता येईना. त्यानं मला अर्धं खांद्यावर घेऊन, अर्धं ढुंगणावर घसरवत खाली आणलं. शेवटच्या मैलावर एक मेंढपाळ शेतकरी त्याची चारचाकी मोटारसायकल घेऊन मेंढ्या शोधायला निघाला होता. त्यानं मला मागच्या जाळीत बसवलं. जिथे आजारी मेंढीला बसवतात, तिथे. माझ्या मांडीवर त्याचा कुत्रा येऊन बसला.

"स्की?" तो ट्रलीवाल्याला विचारत होता. "इथे? मुद्दाम?"

दवाखान्यात गुडघ्याला प्लॅस्टर घातलं. घरी आले तेव्हा दुपार उलटून गेली होती. नवऱ्यानं चहा केला आणि माझ्यासमोर ठेवला. मुलगी जिन्यातून खाली आली, प्लॅस्टर बघितलं, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तू वेडी आहेस का?" तिनं कित्येक महिन्यांत बोललेलं हे पहिलं पूर्ण मराठी वाक्य. व्याकरणात एकही चूक नव्हती.

ऑफिसात गेले तर माझ्या टेबलावर कोणीतरी समुद्रकिनाऱ्यावर मुलं खेळतात ते लाल फावडं ठेवलं होतं. माझ्या प्रशिक्षणाच्या वर्गाला त्या आठवड्यात कधी नव्हे ती गर्दी झाली. मी काय झालं ते सांगितलं, छत्तीसचे तेहतीस कसे झाले तेही. चष्मा काढायला हात गेला, तो मी तसाच खाली घेतला.

पण हे सगळं सांगायचं कारण आबा. पायाला प्लॅस्टर, म्हणून मी दुपारची घरून काम करत होते. एकदा ते स्वयंपाकघराच्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "आता दाव मला. कुठं काय हुतं?"

मी कागदावर डोंगर काढला. त्यांनी वारा कुठून आला, बर्फ कुठे साठला, पाणी कुठून वाहतं असं एकेक विचारलं. मग पेन्सिलीचं टोक खड्ड्यावर ठेवलं.

"हितं का खणलंस?"

मी बरीच कारणं दिली. ते ऐकत राहिले. शेवटी मी म्हटलं, "तिथे बसायला बरं होतं, आबा."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. कागद त्यांनी आपल्याकडे ओढला आणि त्याच्या कोपऱ्यात दुसरा डोंगर काढला. खाली वळणाचा रस्ता.

"दरड पडून रस्ता बंद झालता. पंधरा दिवस राबून आम्ही मोकळा केला. वर कड्याला ही अशी चीर हुती. हाताचा पंजा जाईल एवढी. रोज सकाळी बघायचो. साहेबांचा निरोप आला, उद्या रस्ता चालू करायचाय, तुमचं काय मत? मी म्हटलं, काही हरकत न्हाई." त्यांनी चिरेवरून पेन्सिल पुन्हा एकदा फिरवली. "चीर कुणाला दाखवलीच न्हाई. जुनी असंल, असं माझं मीच ठरवलं. पंधरा दिवस घरी गेलो न्हवतो. घरी जायचं हुतं."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी आली खाली. जेवणाच्या सुट्टीत. रोडरोलर गाडला. माणसं पलीकडं झाडाखाली भाकरी खात बसली हुती, म्हणून वाचली. अकरा माणसं."

"कोणाला सांगितलंत तुम्ही? त्या चिरेचं?"

"आत्ता तुला."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं, की ते शिस्तीचे, काटेकोर, कामात कधी चूक न झालेले. घरात त्यांची ख्याती तीच. मग ते उठले, आणि चहा टाकू का म्हणाले. सासऱ्यांनी माझ्यासाठी केलेला तो पहिला चहा. फार गोड झाला होता. मी सगळा प्याले.

पुढच्या हिवाळ्यात जानेवारीत पुन्हा बर्फ पडला. गुडघा बरा झाला होता. ट्रलीवाल्याला मी भीत भीत विचारलं. तो म्हणाला, येतो. या वेळी आम्ही वेगळ्या डोंगरावर गेलो. उतार चांगला होता, वारा बेताचा, कोन एकतीस. मी काठी एकाच जागी ठेवून एकदाच मोजला. खड्डा नेमका जिथे खणायला हवा तिथे खणला. तिथे सावली होती, थंडीनं बोटं बधिर झाली आणि थर्मास दोनदा कलंडला. चौदाव्या थापेला खांबाचा वरचा थर अलगद सुटून माझ्या मांडीवर आला.

"चला परत," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. एवढं चढून आल्यावर परत जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, तेवढ्यात वरून हाळी ऐकू आली. तरुण मुलंमुली, चौघं, आम्ही सोडलेल्या त्याच उतारावरून एकामागून एक हसत खाली आली. काही झालं नाही. बर्फ जागचा हलला नाही. जाताना त्यांनी आम्हाला हात केला, आणि त्यातल्या एकीनं अगदी आपुलकीनं विचारलं, तुम्हाला खाली जायला मदत हवी आहे का?

आमचं बरोबर होतं की त्यांचं, हे मला आजही माहीत नाही. ट्रलीवाल्यालाही नाही. आम्ही गाडीशेजारच्या मेंढ्यांच्या कुरणात तासभर स्की केली. तिथे उतार जेमतेम होता. मी दोनदा पडले.